कडी

आमच्या शाळेच्या पूर्वेच्या भिंतीवर
पृथ्वी पाच वेळा रंगवलीय.
चुना खरवडताना मला खालच्या पृथ्व्या लागतात:
एकीचा समुद्र पोपटी, एकीवर आफ्रिकाच नाही,
एकीवर पोरांच्या हातांचे लाल पंजे.
दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या देशाची
पाचसहा जणं यायची, तीन आठवड्यांसाठी,
बावड्याच्या महापालिका शाळेतली पोरं घडवायला.
निघताना त्यांना फेटे बांधायचे, नारळ द्यायचा.
मिसळ खाऊन नाक पुसत ती हसायची.
माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू?
पुढच्या साली नवे डबे, नवे ब्रश,
आणि मला निरोप: शालनमावशी, भिंत पांढरी करून ठेवा.

रूता एकटीच आली. लिथुआनियाची.
नकाशात तिनं देश दाखवला,
तांदळातल्या खड्याएवढा.
ब्रश मागितला नाही, हजेरीपट मागितला.
दोन दिवस तो मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली,
चपला काढून, पाय उन्हात सोडून,
सातवीच्या पोरींच्या नावांपुढं
पेन्सिलीनं बारीक गोल करत.
दर महिन्याला चार गोल. कुणाचे पाच.
गुरुजी म्हणाले, सर्दीताप असतो, जत्रा असते.
मग ती माझ्याकडं आली.
मराठी तिची दहा शब्दांची,
पण त्यात "का" पक्का होता.

मी तिला शाळेमागं नेलं.

दार होतं. कडी नव्हती.
कडीच्या भोकात ओवलेली नायलॉनची दोरी,
आत प्रणोती चौगुले,
बाहेर दोरी ताणून तबस्सुम मुल्लाणी,
भिंतीकडं तोंड करून एकोणीसचा पाढा म्हणत,
म्हणजे आतलीला कळावं, मी आहे अजून.
रूतानं तिच्या हातातनं दोरी घेतली.
पुढच्या तासाची घंटा झाली तरी सोडली नाही.
पाढा काही तिला येत नव्हता.
तिच्या भाषेतलं काहीतरी पुटपुटत राहिली,
आकडेच असावेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लक्ष्मीपुरीत.
दुकानदार म्हणाला, कसल्या दाराला पायजे?
ती म्हणाली, "पोरीच्या."
पासष्ट रुपये. चार स्क्रू.
स्क्रू धरेनात, लाकडाचा भुसा झालेला.
चौकट बदलायची तर अर्ज, अर्जाला सही,
सहीला साहेब, साहेब रजेवर.
अर्ज तिनं लिहिला नाही. पोरींना लिहायला लावला.
आठ पोरी, आठ सह्या, एक शब्द तीनदा खोडलेला,
कारण तो कागदावर कसा लिहायचा
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
कचेरीच्या बाकावर त्यांचा इंग्रजीचा तास व्हायचा,
आणि रूता तिथं अकरावा शब्द शिकली: "उद्या."

सही यायच्या आधी तबस्सुमचा बाप आला,
वेल्डिंगवाला, एका रविवारी,
हातगाडीवर पत्र्याचं दार घालून.
सोमवारी पोरी एकेक करून आत गेल्या,
कडी लावली, काढली, बाहेर आल्या.
काही काम नव्हतं. नुसतंच.

निरोपाच्या फोटोत भिंत कोरी आहे.
तिच्या संस्थेच्या कागदावर प्रश्न होता,
किती मुलांचा विकास केला?
काय लिहू, तिनं विचारलं.
मी म्हटलं, एक दार लिही.
ती हसली नाही.

झोप मात्र माझी गेली.
कारण ती दोरी मीच बांधलेली.
सतरा वर्षं तुटली की नवी, तुटली की नवी,
आणि मनात यायचं, केवढं बघतो आपण पोरींचं!
पासष्ट रुपये.
तेवढी तर माझी मिश्री लागायची महिन्याला.

परवा तबस्सुम आली होती, तेविशीची झालीय.
मलावी म्हणून देश आहे, तिथल्या शाळेत
वर्षभर जाणार म्हणाली.
काय करणार गं तिथं?
"अजून ठरवलं नाही मावशी. आधी बघते."
मी तिला खोबऱ्याची चटणी बांधून दिली,
वजनात बसंल का, दोनदा विचारून.
निघताना ती शाळेमागं गेली.
आतून कडी पडल्याचा आवाज आला.
मी बाहेर उभी राहिले, उगाच,
एकोणीस, अडतीस, सत्तावन्न